काळीतले हात, पांढरीतली जागा

मराठी मुलखातल्या जुन्या कागदपत्रांत गाव येते ते काळी आणि पांढरी या जोडीने. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मुरून वस्तीची जमीन खरोखरच पांढुरकी होते आणि तीच माती खणून लोक पुन्हा भिंती घालतात. खेड्यातल्या गरीब घरच्या पोराला स्वतःचे घर उभारायला समाजाने आणि सरकारने काय मदत केली, याचा इतिहास सांगताना आपण बहुधा भिंती आणि छप्पर मोजतो: अनुदान किती, चौरस फूट किती, हप्ते किती. मला हा हिशेब अपुरा वाटतो. काळीत राबणारे हात गरिबाकडे नेहमीच होते. कूड विणायची, गवत शाकारायची कला त्याला घरातच मिळत होती, आणि अडीनडीला शेजारी धावून येत होते. त्याच्याकडे नव्हती ती पांढरीतली जागा, कोणी उठ म्हटले तरी उठावे लागणार नाही अशी. गेल्या दोन-तीनशे वर्षांत ज्या मदतीने ही जागा त्याच्या पदरात टाकली ती टिकली; जिने फक्त भिंती दिल्या ती दुसऱ्याच्या मर्जीवर उभी राहिली.

आधी हातांचे पाहू, कारण ती बाजू खरोखर समृद्ध होती. थोरल्याचे लग्न झाले, धाकट्याचे झाले, एका चुलीवर दोन सुनांचे जमेना, की वेगळे निघायची वेळ येई. वेगळे निघणे म्हणजे आधी वेगळी चूल आणि मग तिच्यावर छप्पर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि ठाणे-पालघरच्या पट्ट्यात भिंतीसाठी कारवी लागे. ही झुडपे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात आणि फुलून गेल्यावर वाळतात. त्यांच्या काठ्या एकमेकींत गुंफून, वर माती आणि शेणाचा गिलावा देऊन कूड तयार होतो. विदर्भ-मराठवाड्यात तेच काम कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या करतात. मेढी रोवायच्या, त्यांवर आढे चढवायचे, वासे टाकायचे आणि वर गवत नाहीतर कुंभाराची नळीची कौले. दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी ठरलेली. यातले एकही काम एकट्याने होण्यासारखे नाही, म्हणून गावोगाव श्रमांची देवघेव रूढ होती. शेतीच्या मोठ्या कामाला दहा घरचे बैल आणि माणसे एका दिवशी बोलावून त्यांना जेवू घालायचे ती इर्जिक. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, ती सावड. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळ्यांची पडकई, जिच्यातून उतारावर भाताची खाचरे रचली गेली. या रीती मुख्यतः शेतीच्या, पण आढे चढवायला किंवा छप्पर शाकारायला माणसे जमत ती याच सवयीने. चौकट आणि दार सुताराचे, कोयंडा-कडी लोहाराची, आणि त्यांचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्यात. रोख पैसा या सगळ्या व्यवहारात अगदी थोडा होता. घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण या घरांचा कस खर्चाइतकाच माणसे जोडण्यात लागे.

यावरून जुने गाव गरिबाला घर देत होते, इंग्रज आले आणि बिघडले, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो मला मान्य नाही. पांढरीत कोणाचे काय स्थान, हे आधीच ठरलेले होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. त्याचे घर, त्याची पाणवठ्याची वाट, गावच्या बैठकीतली त्याची जागा हे सारे एकमेकांत गुंतलेले. दुसऱ्या गावाहून आलेला उपरी कितीही वर्षे राबला तरी उपरीच. त्याला राहू देत, पण त्याचे राहणे हक्काचे नसे. आणि महारवाडा, मांगवाडा तर पांढरीच्या वेशीबाहेर. तिथल्या तरुणाला झोपडीपुरती जागा मिळे ती वतनाच्या चाकरीला बांधलेली. वेसकराचे काम, सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे हे त्या जागेचे न लिहिलेले भाडे होते. चाकरी नाकारली तर राहण्याचा आधारच डळमळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. बलुत्याची रचना त्यांनी आतून पाहिली होती आणि तिचे गोडवे गाण्याऐवजी तिचे ओझे कोणावर पडते ते त्यांनी उलगडून दाखवले. सावडीची माणसे जातीतली आणि भावकीतली असत, म्हणजे ज्याची भावकी लहान आणि दुबळी त्याचे छप्परही तसेच. या रीतींमधली ऊब खरी होती, पण ती कोणापर्यंत पोचत होती हा प्रश्न टाळून त्यांचे स्मरण करणे मला अप्रामाणिक वाटते.

तरीही एक गोष्ट त्या काळाच्या बाजूने सांगितली पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकात जमीन भरपूर होती आणि माणसे कमी. दुष्काळ आणि स्वाऱ्यांनी गावे उजाड होत, आणि राज्यकर्त्याला वसाहत करणारा माणूस हवा असे. म्हणून कौल दिला जाई: या, वस्ती करा, पहिली काही वर्षे सारा माफ किंवा कमी, मग हळूहळू चढता. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवायची तरी हीच रीत होती. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात हाच विचार अधिक नेमका दिसतो. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल-नांगर आणि पोटाला दाणा नाही त्याला ते दे, आणि वसुली त्याच्या ऐपतीप्रमाणे सवडीने कर, असा त्याचा आशय आहे. हात असलेल्या पण साधन नसलेल्या माणसाला उभे करणे हे राज्याचे काम आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. मात्र ती ज्या परिस्थितीत फळली ती पुढे राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात पडीक जमीन भराभर लागवडीखाली आली, आणि जो तरुण पूर्वी ‘या’ म्हणून बोलावला जात होता तोच जागा अडवणारा ठरू लागला.

१८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या धाऱ्याचे काम सुरू केले आणि पुढे मुंबई इलाखाभर शेत न्‌ शेत मोजले गेले. नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले, प्रत्येक तुकड्यामागे एक नाव लागले. पण मोजणीचा हेतू सारा वसूल करण्याचा होता, आणि सारा काळीवर होता. त्यामुळे बहुसंख्य खेड्यांत गावठाण एकसंध सोडून दिले गेले. आतल्या घरांची वेगवेगळी मोजणी झाली नाही. शेताला सातबारा मिळाला, घराला मिळाला नाही. पुढे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी आल्या, त्यांतला नमुना आठ लोक आजही घराचा कागद म्हणून जपून ठेवतात; पण ती कर आकारण्याची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून ती तोकडी पडते. पांढरीच्या मोजणीतली ही पोकळी पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे असे मी मानतो. ज्याचे वजन आहे त्याला कागदाची गरज पडत नाही, सारे गाव त्याचे साक्षीदार असते. ज्याचे वजन नाही त्यालाच कागद लागतो, आणि तोच केला गेला नाही.

दुसरीकडे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या. वासे, बांबू, गवत, कारवी, ज्यांना किंमत अशी नव्हती, त्यांना आता परवाना लागू लागला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा जंगलखात्याचा जाच आणि शेतकऱ्याच्या घराची अवकळा ही दोन्ही त्यांनी मांडली. मध्य प्रांतात, ज्यात आजच्या विदर्भाचा पूर्व भाग येई, घरगुती गरजेचे लाकूड, बांबू, गवत, माती घेण्याचा निस्तार हक्क कागदावर राहिला, तो काही अंशी टिकलाही. सावकारीचा फास तर होताच. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांचे खत-रोखे हुडकून जाळले. त्यांना नेमके कशाचे भय होते हे त्यावरून कळते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये शेतकऱ्याचे राहते घर आणि त्याखालची जागा कर्जवसुलीच्या जप्तीतून वगळलेली आहे. ही तरतूद मोलाची होती. पण मजूर आणि घरगडी यांची घरे त्या सवलतीत यायला १९७६ ची दुरुस्ती उजाडावी लागली. ज्याच्या नावावर शेत त्याचे घर कायद्याने आधी वाचवले, आणि ज्याच्याकडे फक्त झोपडी होती त्याची पाळी अडुसष्ट वर्षांनी आली.

जागेवाचून घर म्हणजे काय, हे कोकण आणि गोव्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती होती. खोत सरकारला साऱ्याची हमी देई आणि गावावर त्याचा अंमल चाले. कुळाचे शेतच नव्हे, त्याचे घर ज्या वरकस तुकड्यावर उभे असे तोही अनेकदा खोताचा. गोव्यात भाटकार आणि मुंडकार हे नाते. नारळी-पोफळीच्या भाटात मुंडकाराने खोप बांधून राहायचे, बागेची राखण करायची, भाटकाराच्या घरी लग्न-कार्य निघाले की राबायला जायचे. भाडे नसे किंवा नाममात्र असे, म्हणून वरवर पाहणाऱ्याला यात दया दिसते. पण मुंडकाराचा मुलगा लग्नाचा झाला आणि एक खोली वाढवायची म्हटली, की भाटकाराची परवानगी लागे. मातीची भिंत पाडून चिऱ्याची घालायची, झावळ्या काढून कौले चढवायची, तरी परवानगी. मंगळूरच्या जेपू इथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर मंगलोरी कौल किनाऱ्यावर सगळीकडे मिळू लागले, तरी या खोपींवर ते लवकर चढले नाही, याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. कूड आणि झावळी चार पावसाळ्यांत मोडतात आणि माणूस पुन्हा विचारायला येतो. दगडी जोते राहून जाते, आणि जे राहते ते उद्या हक्क सांगेल, हे जमीनवाल्याला पक्के ठाऊक असते. घर कच्चे राहणे ही मालकाची सोय होती. म्हणून गरिबाची राहणी मागासलेली, त्याला पक्क्या घराची हौसच नाही, असे जे नंतरच्या अहवालांतून आणि बोलण्यांतून सूचित होत राहिले ते मला अन्यायाचे वाटते.

हे नाते मोडले ते कायद्याने, आणि कायदा आला तो लढ्याच्या जोरावर. कुलाबा जिल्ह्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ मध्ये सुरू झाला आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या जानेवारीत कुळांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली त्या परिषदेत अस्पृश्यांसाठी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. तिला त्या वेळी फुटीरपणा म्हटले गेले. मला ती घराच्या प्रश्नाचे सर्वांत अचूक निदान वाटते. ज्या पांढरीत आपले राहणे दुसऱ्याच्या चाकरीला जखडलेले आहे तिथे घर सुधारता येत नाही, निराळी पांढरीच हवी, असे ती मागणी सांगत होती. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात ‘कसेल त्याची जमीन’ हा भाग सर्वांना आठवतो. त्यातल्या सोळा ते अठरा या कलमांची आठवण फार कमी जण काढतात. कुळाने स्वतःच्या किंवा वाडवडिलांच्या खर्चाने मालकाच्या जागेवर घर बांधले असेल तर त्याला तिथून सहजी काढता येणार नाही; मालक ती जागा विकणार असेल तर पहिला हक्क कुळाचा; आणि हेच संरक्षण गावातल्या शेतमजुरांना आणि कारागिरांनाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. गोव्यात मुक्तीनंतर चौदा वर्षांनी, १९७५ मध्ये, मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यात घराची जागा विकत घेण्याचा हक्क आला. त्यावरचे दावे मामलतदारांपुढे वर्षानुवर्षे रखडले, हेही खरे. पण झावळीच्या जागी कौल चढवायला कोणाची मर्जी सांभाळायची नाही, हा बदल एका पिढीत घडला.

मग प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण कुळकायद्याने ज्याचे घर आधीच उभे होते त्याला वाचवले. ज्याचे अजून उभे राहायचे होते त्या तरुणाला दिले काहीच नाही. वस्ती वाढली, गावठाण जागच्या जागी राहिले. गावठाणाबाहेर शेतात घर बांधायला शेतकऱ्याला मुभा होती, भूमिहीनाला कुठून असणार? त्याने चार पैसे साठवून गुंठाभर जागा विकत घ्यायची म्हटली तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येई. शेतीचे लहान लहान तुकडे होऊ नयेत हा त्यामागचा हेतू रास्त होता, पण ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्याच्या खरेदीखताला त्याने जो अडसर घातला त्यात गरिबाच्या घराची जागा अडकली. मग व्यवहार साध्या कागदावर झाले, आणि तसल्या कागदावर घर उभे राहिले तरी हक्क उभा राहत नाही. नियम सैल करून घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी अशी छोटी जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेण्याची वाट मोकळी व्हायला २०२४ साल उजाडले. एवढ्या काळात किती तरुणांनी वेगळी चूल बापाच्या पडवीतच मांडली असेल, याची मोजदाद कोण करणार?

सरकारी घरकुलाचा इतिहास याच चुकीची पुनरावृत्ती आहे. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घराच्या जागा देण्याचे कलम होते, त्यातून काही वसाहती झाल्या. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली ती आधी अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांसाठी, १९९३-९४ पासून इतर गरिबांसाठीही. तिने भिंतींना पैसे दिले, जागा तुमची तुम्ही आणा. जागेसाठी निराळे पैसे द्यायला केंद्राने सुरुवात केली ती २००९ मध्ये, घरामागे दहा हजार रुपये. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागाखरेदीची योजना काढली, पाचशे चौरस फुटांपर्यंत पन्नास हजार. भटक्या-विमुक्तांसाठीच्या २०११ च्या मुक्त वसाहत योजनेत मात्र कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर एकत्र धरलेले आहे. ज्यांना १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवून सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाआड ठेवले, १९५२ पर्यंत ज्यांच्यावरचा तो शिक्का पुसला गेला नाही, त्यांना आधी जमीन लागेल, हे कुणालाही समजण्यासारखे आहे. तेच सूत्र इतर भूमिहीनांना लावायला काय हरकत होती, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असेल. जागा दिली तरी भिंती हवेत उभ्या राहत नाहीत; प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून सपाटीवरच्या घराला एक लाख वीस हजार आणि रोजगार हमीतून सुमारे नव्वद दिवसांची मजुरी, एवढ्यात पंचवीस चौरस मीटर बांधून होत नाही. हे खरे आहे, आणि ती रक्कम वाढावी यात दुमत असण्याचे कारण नाही. पण इतिहास काय दाखवतो? कोकणात मुंबईच्या गिरणीत खपणाऱ्या चाकरमान्याने मनीऑर्डरीतून गावचे घर पावसाळ्यागणिक थोडे थोडे वर आणले, एका साली जोते, दुसऱ्या साली भिंती, तिसऱ्या साली कौले. हे सरकारी अनुदानाशिवाय झाले, कारण मधल्या काळात ती जागा कोणी काढून घेणार नव्हते. रायगडच्या कातकरी वाड्यांकडे पाहिले तर उलटा पुरावा मिळतो. कातकरी जोडपी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. विटांची त्यांना कमी नाही, त्या पाडण्याचे कसब त्यांच्याच हातात आहे. पण त्यांच्या कितीतरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत, आणि मुंबईलगत जमिनीला भाव आल्यापासून उठवले जाण्याची टांगती तलवार डोक्यावर आहे. अशा जागेवर वीट कोण रचेल? घरकुलाचा अर्ज तरी कोणत्या जागेवर भरायचा?

किल्लारीच्या भूकंपाचा अनुभवही याच दिशेचा आहे, जरी तो सहसा भिंतींच्या संदर्भात सांगितला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली, ती दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर येऊन. जुने ते सगळे शहाणपणाचे होते, असे म्हणणाऱ्याने ही पहाट विसरू नये. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्यांत घराचे आकार ठरले ते जमीनधारणेवरून: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. ज्याच्या घरात जेवढी माणसे तेवढे मोठे घर, असे धरले नाही. काळीतला वाटा पांढरीतल्या वाट्याला माप झाला. तरीही त्या पुनर्वसनाने एक गोष्ट केली जी शंभर वर्षांत झाली नव्हती: भूमिहीनालाही आखून दिलेला स्वतःचा भूखंड मिळाला. घर लहान, पण आजूबाजूला जागा होती, आणि मुलगा मोठा झाल्यावर तिथे एखादी खोली वाढवणे त्याच्या हाती राहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जागा आणायची कुठून? गायरान वाटले तर गुरांनी कुठे चरायचे, जंगल वाटले तर काय उरेल? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि सामाईक जमिनीची लूट थांबली पाहिजे हे मलाही पटते. पण त्याच निकालाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जागांचा अपवाद ठेवला आहे. गायरान गिळणारे आणि गायरानाच्या कडेला दोन खोल्या बांधून राहणारे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक सरकारी जमिनीसाठीच. जंगलाच्या बाबतीत तर लोकांच्या हाती दिले की जंगल जाते, हा समजच तपासून पाहावा लागेल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेकडे आले, आणि त्या गावाने जंगल राखले. २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना वस्तीलगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावे म्हणून वनहक्क कायद्यात फेरबदल करणारी अधिसूचना काढली. कुटुंबे वाढतात आणि पाड्याला वाढायला जागा नसते, हे कारण त्यामागे होते. चार गुंठ्यांपेक्षा कमी जागेत एक संसार उभा राहतो. शेतीसाठी तोडल्या जाणाऱ्या किंवा प्रकल्पांना दिल्या जाणाऱ्या जमिनीपुढे ती केवढीशी?

आता पोरे शहरातच जाणार, गावात घर कशाला, हे आणखी एक म्हणणे असते. बीडचे ऊसतोड कामगार वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या फडाजवळ कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीपर्यंत तो कोयता बांधलेला. ती उचल बहुतेकदा लग्न, आजारपण नाहीतर घरासाठीच घेतलेली असते. गावात घर असलेल्या जोडप्याला म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले मागे ठेवता येतात. नसलेल्याला सगळ्यांना घेऊन कोपीत जावे लागते आणि मुलांची शाळा सुटते. म्हणजे गावातले घर स्थलांतराला अडथळा नाही, ते स्थलांतर माणसासारखे करता यावे याची पहिली सोय आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मतदारयादी, पोरासाठी येणारे स्थळ, या सगळ्यांना एक पत्ता लागतो, आणि फडावरची कोपी हा पत्ता होत नाही.

१८३६ च्या मोजणीत सुटलेली पांढरी आता मोजली जाते आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखाली तीच रीत देशभर सुरू झाली. घराला नकाशा मिळतो, मिळकत पत्रिका मिळते, बँकेत दाखवता येईल असा कागद हाती येतो. हे फार मोठे काम आहे आणि त्याची कदर झाली पाहिजे. फक्त ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालच्या दोन चुली दिसत नाहीत. पत्रिकेवर नाव लागते ते बापाचे, फार तर थोरल्या भावाचे. इंदिरा आवासपासून घरकुल घरच्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावाने द्यायचा नियम आहे. पण अर्ज करताना जागेचा कागद सासऱ्याचा, म्हणून त्याचे आणि सगळ्या दिरांचे संमतीपत्र जोडावे लागते. एका दिराने सही अडवली की मंजूर झालेला पहिला हप्ता परत जातो. मोजणीसाठी भूमी अभिलेखचे कर्मचारी गावात असतात त्याच आठवड्यात ग्रामसभेने वेगळ्या निघालेल्या जोडप्यांची यादी करावी आणि त्यांच्या वाट्याची हद्द चुन्याने आखून त्याच पत्रिकेत दोघांच्या नावाने नोंदवावी, एवढे आज करता येण्यासारखे आहे. मोजणीनंतर तेच काम वाटणीचा दावा म्हणून कोर्टात जाते, आणि तिथे तारखा पडत असताना कुडाच्या भिंतीवर प्लास्टिकचा कागद बांधून पावसाळे काढावे लागतात.